शंट बसवल्यानंतर

(दृश्य: गोव्यातला फोंडा तालुका. देवळाच्या पायऱ्या, चढणारे-उतरणारे भाविक.)

निवेदन:
पासष्टी ओलांडलेला माणूस या पायऱ्यांशी येऊन अडतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखे, उचलतच नाहीत. घरचे म्हणतात, "वय झालं." मग लघवीवरचा ताबा सुटतो. दर चवथीला गणपतीच्या वर फळा-पानांची माटोळी बांधणारे आजोबा, काय कुठे बांधायचं तेच विसरतात. या तिन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर कारण मेंदूत साचलेलं पाणी असू शकतं. 'नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस' हा आजार हकीम आणि अ‍ॅडम्स या डॉक्टरांनी १९६५ साली जगापुढे मांडला.

दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर द्रव मेंदूत तयार होतो. एका वेळी मात्र डोक्यात आणि कण्यात मिळून दीडशेच्या आसपासच असतो, बाकीचा रक्तात शोषला जातो. हे शोषण बिघडलं किंवा द्रवाची वाट अडली की मेंदूतल्या पोकळ्या फुगतात. मोठ्या माणसांत मेंदूतला रक्तस्राव, क्षयाचा मेंदूज्वर, गाठ किंवा डोक्याला बसलेला मारही याला कारण होतो.

(दृश्य: शंटचं रेखाचित्र.)

निवेदन:
यावर उपाय शंटचा. कवटीला छोटं छिद्र पाडून आत नळी सोडतात. त्या नळीला द्रव किती जाईल ते ठरवणारा व्हॉल्व्ह जोडतात आणि कातडीखालून मान, छाती ओलांडत ती पोटात नेतात. महिनोन्‌महिने भिंत धरून चालणारी माणसं यानंतर मोकळी चालू लागतात. तो आनंद खराच आहे. पण नळी नको तेवढा द्रवही ओढू शकते, हे कितीतरी घरांना डिस्चार्जच्या दिवशी नीट समजलेलं नसतं, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

माणूस उभा राहिला की डोक्यापासून पोटापर्यंत द्रवाचा उभा स्तंभ तयार होतो. टाकीतून नळीने पेट्रोल काढावं, तसा तो वरचा द्रव खाली खेचतो. मेंदू कवटीपासून किंचित सुटतो, पृष्ठभागावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात, एखादी तुटते आणि मेंदूवर रक्त साचत जातं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका जास्त. स्कूटरवरून पडून डोक्याला लागलेला साधा वाटणारा मारही मग साधा राहत नाही.

२०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सगळ्या रुग्णांना शंट बसवला, पण सुमारे निम्म्यांचा व्हॉल्व्ह सुरुवातीचे काही महिने जवळजवळ बंद ठेवला. ज्यांचा व्हॉल्व्ह उघडा होता त्यांची चाल स्पष्ट सुधारली. मेंदूवर रक्त साचण्याचं प्रमाणही त्यांच्यातच जास्त होतं: १२ टक्के. दुसऱ्या गटात २ टक्के. शंट टाळावा असा याचा अर्थ नाही. लक्ष ठेवावं, एवढाच आहे.

लक्ष घरच्यांनीच ठेवायचं. उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, तर द्रव जास्त जात असण्याची शक्यता असते. बाहेरून बदलता येणारा व्हॉल्व्ह असेल तर डॉक्टर कानामागे चुंबकाचं उपकरण धरून त्याचा दाब वाढवतात, म्हणजे द्रव कमी जातो; चिरफाड लागत नाही. मेंदूवर साचलेलं रक्त थोडं असेल तर बहुधा आपोआप जिरतं, जास्त असेल तर कवटीला छिद्र पाडून काढावं लागतं. बाहेरून बदलता येणाऱ्या व्हॉल्व्हचा ठरवलेला दाब एमआरआयच्या चुंबकाने बदलू शकतो, म्हणून एमआरआयनंतर त्याचा आकडा तपासून घ्यायचाच.

नळी तुंबली की जुनं दुखणं परत येतं. डोकेदुखी, उलट्या, वाढती गुंगी दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो: ताप, नळीच्या वाटेवर लाली, पोटदुखी. मग सहसा सगळा शंट काढून, अँटिबायोटिक देऊन, नवा बसवावा लागतो.

(दृश्य: बांबोळीकडे येणारा रस्ता, रुग्णवाहिका.)

निवेदन:
काणकोणहून किंवा सत्तरीतल्या आडगावातून बांबोळीच्या गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, पोचायलाच वेळ जातो. व्हॉल्व्हचं नाव आणि आकडा लिहिलेलं कार्ड रुग्णाच्या पाकिटात असू द्या. १०८ ची गाडी आली की आधी हे सांगा: यांना शंट आहे, आणि डोकेदुखी बसल्यावर वाढते की झोपल्यावर.