पूर ओसरताना भिंतीचं काय होतं?

(दृश्य: राजाराम बंधारा, भर पावसाळा)

पावसाळ्यात कोल्हापूरकरांची नजर पंचगंगा नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पातळीवर असते. 39 फूट म्हणजे इशारा, 43 म्हणजे धोका. आकडा उतरायला लागला की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. रस्त्याच्या भरावाची भिंत डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला मात्र घोर लागतो तो तेव्हाच.

(दृश्य: पुलाचा चढ, पॅनेलांचे सांधे जवळून)

चढाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटचे पॅनेल दिसतात. खरा भार पेलतात ती आतली माती आणि तिच्या थराथरांत आडव्या अंथरलेल्या जिओग्रिडच्या, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकच्या जाळ्या किंवा लोखंडी पट्ट्या. घर्षणामुळे दोघं एकमेकांना सोडत नाहीत. 1960च्या दशकात फ्रान्सच्या आंरी विदाल यांनी हे तंत्र पुढं आणलं. 8 मीटर उंच भिंतीला जाळी साधारण 5.6 मीटर आत जाते, उंचीच्या 0.7 पट. हा झाला सुरुवातीचा अंदाज.

(दृश्य: संगणकाचा पडदा)

पुढचं काम फायनाइट एलिमेंट मॉडेलचं. भिंत, भराव आणि खालची जमीन यांचे शेकडो बारीक तुकडे पाडून प्रत्येकावरचा ताण काढतात. मग संगणक मातीची ताकद मुद्दाम पायरीपायरीनं घटवत नेतो, भिंत ढासळेपर्यंत. किती पट घटवल्यावर ढासळली, तो सुरक्षेचा गुणांक. पडद्यावर भिंतीमागे तिरका लाल पट्टा उमटतो. माती घसरेल ती तिथून.

आता पुराचं पाणी घाला. चढताना ते बाहेरून भिंतीला टेकूच देतं. पण आत मुरलं की बुडालेल्या मातीचं वजन जवळपास निम्म्यावर येतं आणि जाळीवरची पकड सैल पडते. नदी झपाट्यानं उतरली आणि आतलं पाणी अडकून राहिलं, तर बाहेरचा टेकू गेलेला असतो आणि आतून दाब येतो. पातळीत मीटरभर फरक पडला तरी तळाशी चौरस मीटरला सुमारे एक टन.

म्हणून भरावात काळी माती चालत नाही, चिकट मुरूमही नाही. 75 मायक्रॉनहून बारीक कण 15 टक्क्यांच्या आत लागतात आणि पॅनेलमागे खडीचा निचऱ्याचा थर. मॉडेलमध्ये 'निचरा होणारी माती' निवडायला एक क्लिक पुरते. साइटवर डंपर काय ओततोय, ते बघायला माणूसच उभा करावा लागतो.

(दृश्य: शिरोलीजवळचा महामार्ग)

2019 आणि 2021च्या पुरात इथं महामार्ग बंद पडला. भराव नको, खांबांवरचा पूल करा, अशी मागणी होत आली आहे. भिंत टिकेल का, एवढंच आपलं मॉडेल सांगतं. भरावामुळं पाणी कुणाच्या दारात जाईल, त्यासाठी नदीच्या प्रवाहाचं वेगळं मॉडेल लागतं, आणि आमच्या मते ते आधी चालवायला हवं.