आकडा दवाखान्यातला, मांजर घरातलं

नमस्कार. फलकावर आजचा विषय ‘वयस्कर मांजराचा मधुमेह : इन्सुलिन आणि आहार’ असा लिहिला आहे. त्या दोन्हींवर मी बोलणारच आहे. पण आधी मला मांजराच्या कानाबद्दल बोलायचं आहे. मधुमेही मांजराचे घरचे उपचार नीट चालणार की नाही, हे बऱ्याच अंशी कानाच्या कडेवर ठरतं, असं माझं ठाम मत आहे.

तुम्ही इथे आला आहात त्या अर्थी लक्षणं तुम्हाला पाठ असणार. पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं, ट्रेमध्ये लघवीचे मुठीएवढे गोळे सापडतात, मांजर हावऱ्यासारखं खातं आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. काहींची मांजरं मागच्या पायांच्या टाचा टेकवून चालायला लागली असतील. निरोगी मांजर बोटांवर चालतं. साखर बरेच दिवस चढी राहिली की मागच्या पायांच्या नसा दुखावतात आणि टाच खाली येते. साखर आटोक्यात आली की ही चाल पुष्कळदा सुधारते, म्हणून धीर सोडू नका. जाता जाता सांगते, मधुमेही कुत्र्याला मोतीबिंदू पटकन होतो, मांजराला सहसा होत नाही. मांजराचा मधुमेह बहुतेक वेळा माणसाच्या टाइप २ सारखा असतो. लठ्ठपणा, वय, दीर्घकाळ चाललेली स्टेरॉइड्स ही त्याची नेहमीची कारणं, आणि नसबंदी झालेले बोके त्यात जास्त सापडतात.

आता मूळ मुद्दा. घाबरलेल्या मांजराची साखर चढते. थोडीथोडकी नाही, भरपूर चढते. पिंजऱ्यात कोंबलं, गाडीत बसवलं, अनोळखी हातांनी धरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडून देतं. मी सगळे आकडे डेसिलिटरमागे मिलिग्रॅममध्ये सांगते आहे. मधुमेह अजिबात नसलेल्या मांजराची साखरसुद्धा अशा वेळी ३०० च्या वर जाऊ शकते. एरवी निरोगी मांजर साधारण ७० ते १५० मध्ये असतं. आणि आपण निर्णय कशावर घेतो? दवाखान्यातल्या आकड्यावर!

आमच्या बोक्याचं काय झालं ते ऐका. मधुमेहाचं निदान झालं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. इन्सुलिन सुरू झालं आणि काही आठवड्यांत फरक दिसायला लागला. पाणी पिणं कमी झालं, वजन भरायला लागलं, खिडकीच्या कट्ट्यावर उडी मारणं पुन्हा सुरू झालं. हे सगळं मी वहीत लिहीत होते. मग दिवसभराचा साखरेचा आलेख काढायचा म्हणून त्याला सकाळी दवाखान्यात ठेवून घेतलं. शेजारच्या पिंजऱ्यात एक कुत्रा अखंड भुंकत होता. दर दोन तासांनी कोणीतरी येऊन बोक्याला बाहेर ओढायचं आणि रक्त घ्यायचं. तो तिथे दिवसभर एक घासही जेवला नाही. संध्याकाळी माझ्या हातात कागद ठेवला. एकूण एक आकडा ३५० च्या वर. डोस दुप्पट करा, म्हणाले.

मी वही पुढे केली. कोणी उघडूनसुद्धा पाहिली नाही. ती वही न उघडली गेल्याचा राग माझ्या मनात अजून आहे, आणि तो रास्त आहे असं मला वाटतं. पाणी किती कमी झालं, वजन किती वाढलं, हा पुरावा नाही का? घरात मांजर सुधारलेलं दिसतंय आणि पिंजऱ्यातले आकडे वाईट आहेत, तर दोन्हींपैकी कशावर विश्वास ठेवायचा, एवढा प्रश्न तरी पडायला हवा की नको?

डोस वाढला. पुढे एका दुपारी बोका स्वयंपाकघरात आला आणि मागचा पाय घसरून बसकण मारली. उठला, पुन्हा कलंडला. डोळे मोठे झालेले, नजर कुठे लागेना, खाण्यासाठी वेड्यासारखा ओरडत होता. साखर उतरल्याची ही लक्षणं तुमच्यापैकी प्रत्येकाने डोक्यात पक्की बसवायला हवीत : अशक्तपणा, झोकांड्या, एकदम उसळलेली भूक, कधी सैरभैर होणं आणि शेवटी झटके. साखरेचा पाक बोटावर घेऊन मी त्याच्या हिरड्यांना चोळला, थोडं खाऊ घातलं आणि त्याला घेऊन दुसऱ्या डॉक्टरांकडे पळाले. या डॉक्टर बाईंनी वही पहिल्या पानापासून वाचली. रक्त तपासायला पाठवताना त्यांनी फ्रुक्टोसामीनची तपासणी सांगितली. मागच्या दोन-एक आठवड्यांत साखर सरासरी कशी होती, हे त्यातून कळतं. तपासणीच्या दिवशी मांजर घाबरलेलं असलं तरी हा आकडा हलत नाही. आणि मग त्यांनी मला कान दाखवला.

घरच्या घरी साखर तपासायला रक्ताचा थेंब तिथूनच घ्यायचा. तोच कान तुम्हाला दाखवते. मागच्यांना दिसतंय ना? कानाच्या बाहेरच्या कडेने एक बारीक शीर जाते. मागून टॉर्च धरला की ती स्पष्ट दिसते. आधी कान गरम करायचा, कोमट पाण्यात पिळलेला रुमाल अर्धा मिनिट धरला तरी पुरे. थंड कानातून रक्त येत नाही, आणि लोक इथेच कंटाळून सोडून देतात. कडेवर व्हॅसलिनचा अगदी पुसट हात फिरवायचा, म्हणजे थेंब केसांत पसरत नाही, गोल उभा राहतो. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरायचा, नाहीतर सुई तुमच्याच बोटात जाते. शीर आणि कड यांच्या मधल्या जागेत टोचायचं. मोहरीएवढा थेंब आला की ग्लुकोमीटरच्या, म्हणजे साखर मोजायच्या यंत्राच्या, पट्टीचं टोक त्याला लावायचं, ती आपणच ओढून घेते. मग कापूस दाबून ठेवायचा, आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. हा तुकडा विसरायचा नाही! रोज एकच जागा, तीच चादर, तोच तुकडा. आमचा बोका पुढे पुढे ग्लुकोमीटरची डबी वाजली की स्वतः येऊन चादरीवर बसायचा. हसू नका, खरंच. कानात मांजराला फारसं दुखत नाही, त्याचा आक्षेप असतो तो धरून ठेवण्याला.

माणसांचा ग्लुकोमीटर मांजराच्या रक्तात बहुधा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतो, प्राण्यांसाठीचा मिळाला तर उत्तम. कोणताही घ्या, पण एकच वापरा आणि कोणता आहे ते डॉक्टरांना सांगा. घरी काढलेला आमच्या बोक्याचा आकडा दवाखान्यातल्यापेक्षा निम्म्याहून कमी निघाला. दवाखाना वाईट असतो असं मी म्हणत नाही. निदान तिथेच होतं, दात आणि लघवीचा संसर्ग तिथेच तपासला जातो, आणि यातलं काही बिघडलेलं असेल तर इन्सुलिन नीट लागू पडत नाही. माझं म्हणणं एवढंच की रोजचा आकडा घरचा हवा.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली आहेत. फलकावरचा विषय तर अजून शिल्लक आहे, आता भरभर सांगते.

इन्सुलिन बहुतेक मांजरांना दर बारा तासांनी, दिवसातून दोनदा लागतं. सुरुवात सहसा एका वेळी एखाद्या युनिटने होते. डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलायचा नाही. एका चढ्या आकड्यावरून तर नाहीच, आठवडाभराची दिशा बघायची. दिवसातला बराचसा वेळ साखर १०० ते ३०० मध्ये राहिली तर घरच्या उपचारांत ते चांगलंच आहे. एकेका सुट्या आकड्याच्या मागे धावू नका. मांजर जेवलं नाही किंवा इंजेक्शन आत गेलं की केसांत सांडलं याची शंका आली, तर पुन्हा टोचायचं नाही. एक डोस चुकल्याने सहसा बिघडत नाही, दोनदा गेल्याने जीव जाऊ शकतो.

सिरिंज नीट बघा, हे कृपा करून लिहूनच घ्या. इन्सुलिन यू-४० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट, तसंच यू-१०० असतं, म्हणजे १०० युनिट, आणि सिरिंजही तशाच असतात. यू-१०० इन्सुलिन यू-४० च्या सिरिंजने एक युनिट म्हणून भरलंत, तर मांजराला अडीच युनिट जातं. बाटली फ्रीजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नाही. हलवायची की हातात नुसती घोळवायची हे प्रकारानुसार बदलतं, तेव्हा वेष्टन वाचा.

आहार. मांजर पक्कं मांसाहारी आहे, पिठूळ पदार्थांतली साखर हाताळायला त्याचं यकृत फारसं तयार नसतं. कोरड्या दाण्यांना आकार यावा म्हणून त्यात स्टार्च घालावाच लागतो. म्हणून प्रथिनं भरपूर आणि कर्बोदकं कमी असलेलं ओलं खाणं द्यावं. मात्र मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधी विचारा. आणि इन्सुलिन चालू असताना खाणं एकदम बदलू नका. कर्बोदकं कमी झाली की साखर उतरते आणि जुना डोस जड होतो. बदल सावकाश करा आणि त्या दिवसांत कान जास्त वेळा तपासा. लवकर उपचार मिळालेल्या काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. ते सुटायची वेळ आली आहे हेही घरच्याच आकड्यांवरून कळतं.

तोंडाने द्यायच्या औषधांबद्दल कोणीतरी विचारणार, म्हणून आधीच सांगते. बेक्साग्लिफ्लोझिनला अमेरिकेत २०२२ मध्ये मान्यता मिळाली, व्हेलाग्लिफ्लोझिनला २०२३ मध्ये. ही औषधं जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. प्रत्येक मांजराला ती चालत नाहीत, निवड डॉक्टरांनीच करायची. एक धोका लक्षात ठेवा : यात साखरेचा आकडा चांगला दिसत असतानाही रक्तात कीटोन, म्हणजे शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ, साठू शकतात. म्हणजे ज्या आकड्याची मी इतका वेळ बाजू घेतली, तो इथे पुरत नाही. मांजराने खाणं सोडलं, उलट्या झाल्या, ते मलूल पडलं, तर मीटर काय म्हणतंय ते बघत सकाळपर्यंत थांबू नका, त्याच रात्री दवाखाना गाठा. आणि वही बरोबर न्या.

ज्यांना कानाचं प्रत्यक्ष बघायचं आहे त्यांनी पुढे या, टॉर्च इथे आहे. बाकीच्यांचे प्रश्न घेते.