नळी तोंडाला लावायची नाही

गंगेला, म्हणजे गोदावरीला, पूर आला की नाशिककर नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी कमरेला लागलं, छातीला आलं, सगळं मोजमाप त्याच्यावरून. ही गाडी पुराच्या दिवशी गंगेच्या काठावरच उभी होती.

तिला तिथून कशी ओढून आणली, ते आमच्या कॅमेऱ्यात नाही. आता ती नाशिकच्याच द्वारका चौकाजवळच्या या गॅरेजसमोर उभी आहे. सीटवर गाळ. टाकीत निम्मं पेट्रोल, आणि त्यात पाणी किती ते झाकण उघडल्यावरच कळेल. तोवर चावी फिरवायची नाही.

खिळ्याला टांगलेली ही नळी बघा. टोकाला दातांच्या खुणा आहेत. आमचे मिस्त्री पेट्रोल ओढायला हिच्यावरच शिकले. घोट फुप्फुसात उतरला तर न्यूमोनिया. उलटी काढायची नाही, तडक दवाखाना.

आज टाकी रिकामी करायची. पहिला पाना बॅटरीला. निगेटिव्ह आधी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती वर जात नाही, जमिनीलगत सरपटते, खड्ड्यात साचते. म्हणून काम उघड्यावर. हँडलॅम्प नको, आणि शेजारच्या टपरीचा स्टोव्हही तेवढा वेळ बंद. टपरीवाला कुरकुरला, तो शॉट आम्ही ठेवलाय.

पेट्रोल भरतात तिथून नळी आत जाईना. या गाडीला वाटेत झडप आहे. मग मागची सीट उचलली. खाली गोल झाकण, झाकणाखाली पंप. त्याची रिंग मिस्त्री लाकडी दांड्यानं ठोकून फिरवतायत. लोखंडावर लोखंड मारलं की ठिणगी.

पत्र्याचा कॅन जमिनीवर. कॅनपासून गाडीच्या पत्र्यापर्यंत तार, दोन्हीकडे चिमटे. पेट्रोल वाहताना स्थिर वीज तयार होते, ती या तारेनं दोन्हीकडे सारखी राहते, ठिणगी उडत नाही. मग पेट्रोल ओढायला नळीचा रबरी फुगा. दाबा, सोडा, दाबा. पंजा भरून येतो. पण मिस्त्रींचं तोंड मोकळं आहे, गप्पा चालू आहेत.

शेवटचं काचेच्या बाटलीत घेतलं. उन्हात धरल्यावर दिसतं: वर पिवळसर पेट्रोल, खाली गढूळ थर. हल्ली पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी धरतं, आणि पाणी फार झालं की त्याच्यासकट तळाला बसतं. हे दुसऱ्या गाडीत ओतायचं नाही. गटारीत तर नाहीच.

सीट रात्रभर उघडी राहील. बॅटरी सगळ्यात शेवटी, उद्या.