एव्हबरी: कुठली शिळा मूळची उभी, कुठली पुन्हा उभारलेली?

नमस्कार मंडळी. स्टोनहेंजच्या व्हिडिओखाली एकच मागणी सारखी येतेय, एव्हबरीवर बोला. तर आज एव्हबरी.

सुरुवातीचं पटकन उरकतो. इंग्लंडमधल्या विल्टशायरमधलं हे पॅरिश, म्हणजे गाव आणि त्याचं शिवार. इ. स. पू. २८५० ते २२०० च्या दरम्यान इथे खंदक, मातीचा बांध आणि शिळांची वर्तुळं झाली. बाहेरचं वर्तुळ जवळपास ३३० मीटर व्यासाचं, मुळात शंभरेक शिळांचं, आत आणखी दोन लहान वर्तुळं. घरं, पब, मोटाररस्ता, सगळं वर्तुळाच्या पोटातच. शिळांना तिकीट नाही, हात लावता येतो, पैसे पार्किंगचे पडतात. स्विंडनहून ४९ नंबरची बस आहे. झालं.

आता मुद्द्याचं. ‘साडेचार हजार वर्षं जशाच्या तशा उभ्या’ असं बरेच जण लिहितात. तसं नाहीये! आज दिसणाऱ्यांपैकी बऱ्याच शिळा १९३० च्या दशकात पुन्हा उभ्या केलेल्या आहेत. मुरंब्याच्या धंद्यातल्या घराण्याचा वारस अलेक्झांडर कीलर याने इथली जमीन विकत घेतली आणि उत्खनन केलं. पुरलेली शिळा सापडली की तिचा मूळ खड्डा शोधायचा, तिथेच तिला उभी करायची, बुडाशी काँक्रीट. शिळा फोडून नेलेली असेल, तर खड्ड्याच्या जागी काँक्रीटचा छोटा निमुळता खांब. लोक त्या खांबांचेही फोटो ‘प्राचीन दगड’ म्हणून टाकतात. तो खांब म्हणजे ‘इथली शिळा गेली’ अशी खूण आहे, आणि कीलरने ती वेगळी ओळखू येईल अशी ठेवली हे मला फार योग्य वाटतं.

हेच उलट बाजूने बघा. ‘पूर्वेकडे शिळा कमी का?’ असं एका ताईंनी विचारलंय. कीलरने पश्चिमेचे दोन्ही भाग खणले, १९३९ मध्ये आग्नेयेला हात घातला, ईशान्येला पोचलाच नाही. म्हणून ईशान्य भाग मोकळा दिसतो. सर्वेक्षणात त्या बाजूलाही जमिनीखाली पुरलेल्या शिळा दिसल्यात. म्हणजे वर्तुळाचा आजचा आकार कीलर कुठे थांबला त्यावर ठरलाय. मूळची उभी शिळा बघायची तर उत्तरेच्या वाटेवरची प्रचंड स्विंडन शिळा बघा, ती कधी पडलेलीच नाही.

तिसरी बाजू म्हणजे गावातल्या भिंती. शिळा आधी पुरल्या गेल्या. १९३८ मध्ये एका शिळेखाली माणसाचा सांगाडा निघाला, सोबत कात्री आणि १३२० च्या दशकाच्या आसपासची नाणी, म्हणजे चौदाव्या शतकात हे पुरणं चालू होतं. पुढे सतराव्या-अठराव्या शतकात शिळा फोडायला लागले. जुन्या वास्तूंचा अभ्यासक विल्यम स्टुकली १७१९ पासून इथे येऊन हे टिपून ठेवत होता. पद्धत अशी: बाजूला खड्डा खणून शिळा त्यात पाडायची, खाली गवताचा जाळ, दगड तापला की जिथे फुटायला हवा त्या रेषेवर गार पाणी, मग घणाचे घाव. इथल्या शिळा सारसेन नावाच्या दगडाच्या, हा अतिशय कडक वालुकाश्म. छिन्नीने नीट घडवता येत नाही, तापवून मात्र तडकतो. म्हणूनच घरांच्या भिंती सारसेनच्या ओबडधोबड तुकड्यांच्या, पण कोपरे आणि खिडक्यांच्या चौकटी बऱ्याचदा विटांच्या. गल्लीत फिरताना हा जोड दिसला की थांबा, त्या भिंतीत वर्तुळाचा तुकडा असू शकतो.

‘हे आपल्या नागपूरजवळच्या जुनापाणीसारखंच ना?’ नाही दादा. जुनापाणीची शिळावर्तुळं लोहयुगातली, दफनांभोवतीची, आणि एव्हबरीपेक्षा हजाराहून अधिक वर्षांनी नवी.

सेंट जेम्स चर्चसाठी अर्धा तास ठेवाच. मधल्या दालनाचा गाभा सॅक्सन काळातला (१०६६ च्या नॉर्मन स्वारीआधीचा), वरच्या गोल खिडक्या त्याच्याच. वेदीच्या बाजूचा लाकडी सज्जा सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेच्या काळात भिंतीआड लपवला होता, तो १८१० मध्ये सापडला. बाप्तिस्म्याच्या दगडी कुंडाकडे वाकून बघा, हातात दंड घेतलेला बिशप कोरलाय आणि त्याच्या दोन्ही अंगांना ड्रॅगन. फ्लॅश वापरू नका, खिडकीकडून येणाऱ्या तिरप्या उजेडात कोरीवकाम जास्त स्पष्ट दिसतं.