उभे, डावीकडून

(लाइट बॉक्स. खोलीत अंधार. हातमोजे घातलेला हात काचेची प्लेट ठेवतो.)

ही काच बघा, जुन्या फोटोची निगेटिव्ह आहे. तळहाताहून जराशी मोठी, एका कोपऱ्यात टवका उडालेला. खालून लाइट लागला की सगळं उलटंपालटं, चेहरे काळे, केस पांढरे, आणि डोळे तर असे की पहिल्यांदा बघणारा दचकतोच. पाच जण आहेत. तिघं उभे, दोघी खुर्च्यांवर. मागे रंगवलेला पडदा, त्यावर खांब, झाडं, ढग, सगळी श्रीमंती पडद्यावरच.

आता उजव्या कडेला चला. पडदा संपतो तिथे एक हात दिसतोय. फक्त हात, मनगटापर्यंत. पडदा हलू नये म्हणून कोणीतरी धरून उभं राहिलंय. गिऱ्हाइकाला दिलेल्या प्रिंटमध्ये हा हात नसणारच, कारण प्रिंट काढताना कडा छाटायचे, पाच माणसांच्या फोटोत सव्वापाच कोणाला हवीत! पण काच काही छाटलेली नसते. तिच्यात सगळं असतं.

(क्लोजअप. गालावर बारीक रेघा.)

या रेघा ओरखडे नाहीत बरं का. पेन्सिल आहे ती. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळते, म्हणजे सुरकुती गेली, डोळ्याखालचं काळं गेलं, मुरुमं गेली. आज आपण फोनमध्ये फिल्टर लावतो तेच काम, फक्त इथे एक माणूस खिडकीच्या उजेडात भिंग लावून तासन्‌तास बसायचा. डावीकडच्या बाईंच्या गालावर भरपूर काम केलंय, शेजारच्या बाईंना अगदीच थोडं. का ते त्या दोघींना आणि फोटोग्राफरला माहीत.

(ब्रश. धूळ. टेबलावर पाकिटांचा गठ्ठा.)

अशा काचा जगात कुठल्याही जुन्या स्टुडिओच्या माळ्यावर निघतात. खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, एकावर एक रचलेल्या, आणि हे रचणंच त्यांचा घात करतं, कारण काचेचं वजन काचेवर येतं आणि खालच्या दोन-तीन तडकलेल्या असतात. म्हणून पहिलं काम, त्यांना उभं करायचं. लांब कडेवर, पुस्तकांसारखं.

काचेला दोन बाजू. एक चकचकीत, ती नुसती काच. दुसरी मॅट, तिच्यावर जिलेटिनचा थर आणि त्या थरात चांदीचे कण, म्हणजे ही पाच माणसं आहेत ती चांदीत आहेत. चकचकीत बाजू पुसता येते. मॅट बाजूला पाणी नाही, कापड नाही, बोट तर अजिबात नाही, नुसता हवेचा फुगा आणि मऊ ब्रश. मोजेसुद्धा सुती नकोत, सुती मोज्यातून काच सटकते, म्हणून हे निळे, नायट्राइल रबराचे. कडेला आरशासारखी चमक दिसतेय ना, ती चांदी वर आलीय. ती घासायची नाही. सुंदर दिसते खरं सांगायचं तर, पण आजारच आहे तो.

मग पाकीट. चार पाकळ्यांचं, ॲसिड नसलेल्या कागदाचं. मधे काच ठेवायची आणि पाकळ्या एकेक करून मिटायच्या, म्हणजे काच सरकवावी लागत नाही आणि घासलीही जात नाही. पाकिटावरचा नंबर काच आत जायच्या आधी लिहायचा आणि पेन्सिलनेच लिहायचा. हे काम बघायला फार शांत वाटतं. आमचा कॅमेरावाला यावरून हलायलाच तयार नव्हता, त्यामुळे पाकिटांचं शूटिंग आमच्याकडे गरजेपेक्षा जास्त आहे, तुम्हीही बघा.

(पाकळ्या मिटण्याचा लांब शॉट. निवेदन नाही.)

या जिलेटिनवर थोडं बोलायला हवं, कारण गावगल्लीतलं जगणं फोटोत आलं ते याच्यामुळे. त्याआधी ओली प्लेट होती, १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चरने दिलेली. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा, काच चांदीच्या द्रावणात बुडवायची, आणि ती ओली असेपर्यंत फोटो काढून धुऊनही मोकळं व्हायचं, काही मिनिटांचा मामला. बाहेर जायचं तर डार्करूम तंबूसकट बरोबर न्यायची. १८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्सने जिलेटिनची कल्पना मांडली, पुढच्या दहाएक वर्षांत कारखान्यातल्या सुक्या प्लेटा बाजारात आल्या, आणि फोटोग्राफर मोकळा झाला. आज काढ, पुढच्या आठवड्यात धू. तिथपासून कामावरची माणसं, शाळेचे वर्ग, बँडवाले, पुरात बुडालेला रस्ता, नवीन सायकल घेऊन उभा असलेला पोरगा, असलं सगळं काचेवर यायला लागलं.

(स्कॅनर. उजेडाची पट्टी सरकते. मॉनिटरवर काळ्याचं पांढरं होतं.)

आणि ही बघा माणसं आली.

आता इथे एक गंमत आहे, खरं तर गंमत नाही, घोटाळा आहे. निगेटिव्ह मॅट बाजूने बघितली की चित्र आरशातल्यासारखं उलटं दिसतं. स्कॅन करताना बाजू चुकली आणि नंतर कोणी तपासलं नाही तर फोटो कायमचा उलटा. चेहऱ्यावरून ते ओळखूच येत नाही! मग कशावरून ओळखायचं, तर मागे पाटी असेल तर अक्षरं बघायची. पाटी नसेल तर कोटाचा वरचा खिसा, तो डाव्या छातीवर असतो. शर्टाची बटणं. इथे मॉनिटरवर खिसा उजव्या छातीवर आलाय, तिघांचाही. म्हणजे फोटो उलटा आहे. एक क्लिक, झाला सुलटा.

एवढ्याशा गोष्टीला एवढं महत्त्व का, तर ह्याच्यामुळे.

(पिवळा कागद. झिजलेलं हस्ताक्षर. नावांच्या जागी फोकस नाही.)

"उभे, डावीकडून." आणि पुढे नावं. "बसलेले, डावीकडून." पुढे नावं. कोणीतरी कधीतरी पेन्सिलने लिहून खोक्यात टाकलेला कागद. फोटो उलटा राहिला असता तर पाचांपैकी चार जणांना दुसऱ्याचं नाव मिळालं असतं, फक्त मधे उभा असलेला तेवढा वाचला असता.

आणि हा कागद मिळाला हेच नशीब. कितीतरी पाकिटांवर नुसता नंबर असतो, त्या नंबराचं रजिस्टर असतं ते स्टुडिओ बंद होताना रद्दीत गेलेलं असतं. काचा ठेवतात लोक, काच बघितली की काहीतरी किमती वाटतं. वही कोण ठेवतंय!

माझं जरा स्पष्ट मत आहे यावर. स्कॅनरला पैसे मिळतात, सर्व्हरला मिळतात, उद्‌घाटनाला तर मिळतातच. माणसासमोर बसून "हे कोण" विचारायला आणि लिहून घ्यायला मिळत नाहीत. मग वेबसाइटवर हजारो फोटो चढतात आणि खाली लिहिलेलं असतं, अनोळखी गट. अनोळखी महिला. अनोळखी महिला व मूल. आणि बायकांचं नाव असलंच तर ते नवऱ्याचं असतं, अमुक यांच्या पत्नी, म्हणजे शोधणाऱ्याला ती तिच्या नावाने सापडायचीच नाही.

(स्क्रीनवर एकामागून एक जुने फोटो.)

कधीकधी नाव न लिहिणं हीच पद्धत होती. १८६८ ते १८७५ दरम्यान इंग्रज सरकारने "द पीपल ऑफ इंडिया" नावाचे आठ खंड काढले, साडेचारशेहून जास्त फोटो. चेहरे एकदम स्पष्ट, आणि खाली बहुतेक ठिकाणी जात किंवा जमात. माणूस म्हणजे नमुना, नमुन्याला नाव कशाला.

आणि कधी घाई होती. १९३६, कॅलिफोर्नियातलं निपोमो. डोरोथिया लँग सरकारी योजनेसाठी फोटो काढत होती. तंबूत एक बाई, दोन मुलं खांद्यामागे तोंड लपवून, मांडीवर तान्हं. तुम्ही हा फोटो कुठे ना कुठे बघितलाय. कॅप्शनमध्ये वय आलं, बत्तीस. मुलं किती तेही आलं, सात. नाव नाही. लँगनेच पुढे लिहिलंय की मी तिला नाव विचारलं नाही. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे नाव लोकांना कळलं १९७८ मध्ये, म्हणजे बेचाळीस वर्षांनी. तोवर तिचा चेहरा अख्ख्या जगाला पाठ झाला होता.

(मोठ्या कॅमेऱ्यासह फोटोग्राफर. मग रस्ते, दुकानं, गर्दी.)

हा अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा फोटोग्राफर चार्ल्स "टीनी" हॅरिस. कृष्णवर्णीयांच्या "पिट्सबर्ग कुरियर" या पेपरसाठी त्याने १९३६ ते १९७५ फोटो काढले. त्याला "वन शॉट" म्हणायचे, कारण दुसरे फ्लॅशवर फ्लॅश उडवायचे आणि हा एकच फोटो काढून निघायचा. पुढारी, गायक, खेळाडू तर आहेतच, पण मजा आहे ती हिल डिस्ट्रिक्ट या तिथल्या वस्तीतल्या साध्या माणसांत. २००१ साली कार्नेगी कलासंग्रहालयाने त्याच्या निगेटिव्ह घेतल्या, ऐंशी हजारांच्या आसपास, आणि बहुतेकांवर काहीच लिहिलेलं नाही. हॅरिस १९९८ मध्येच गेला होता, विचारणार कोणाला? मग संग्रहालयाने फोटो थेट त्या वस्तीतल्या लोकांसमोर ठेवले, बघा आणि सांगा. पेपरात छापून आलेल्या माणसाचं नाव पेपरात सापडतं हो, पण मागे पायरीवर बसलेली पोरगी कोण ते तिच्या शेजाऱ्यालाच माहीत असणार.

आणि कॅनडात तर हे काम पोरांनी केलंय. उत्तरेतल्या इनुइट लोकांचे ढीगभर फोटो राष्ट्रीय अभिलेखागारात पडून होते, बाहेरून आलेल्यांनी काढलेले, नावं नाहीत. ओटावात इनुइट तरुणांची एक शिक्षणसंस्था आहे, नुनावुत सिवुनिक्सावुत. २००१-०२ च्या सुमारास तिथली मुलं सुट्टीत घरी जाताना लॅपटॉपमध्ये हे फोटो घेऊन गेली आणि म्हाताऱ्यांसमोर बसली. सुरुवात झाली रिचर्ड हॅरिंग्टनच्या फोटोंपासून, तो १९४८ ते ५३ दरम्यान तिकडे फिरला होता. म्हणजे फोटोतली लहान मुलं तेव्हा साठीच्या आसपास पोचलेली, तरणी माणसं ऐंशीच्या घरात. आणखी दहा वर्षं थांबले असते तर विचारायला फारसं कोणी उरलं नसतं. त्या कामाचं नावच प्रोजेक्ट नेमिंग.

(गोल फिल्मचे डबे. झाकण उघडतं.)

फिल्मच्या निगेटिव्हचा भाग आमच्याकडे थोडाच शूट झालाय म्हणून पटकन. व्हिनेगरचा वास आला तर ती ॲसिटेट प्रकारची फिल्म आहे आणि ती आकसायला लागलीय. पिवळी, चिकट पडली तर नायट्रेट प्रकारची, ती पेटते आणि पाण्याने विझत नाही. १९२९ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या एका इस्पितळात नायट्रेटच्या एक्स-रे फिल्म पेटल्या, सव्वाशेच्या आसपास माणसं गेली. पुढे.

(टेबल. मोठ्या केलेल्या प्रिंट. एक वयस्क हात भिंग धरून.)

इथे मी बोलत नाही.

(पन्नास सेकंद. फक्त खोलीतला आवाज.)

लिहून घेणाऱ्यांचं एक तंत्र आहे, ग्रुप फोटोवर ट्रेसिंग पेपर ठेवायचा, डोक्यांचे नुसते गोल काढायचे आणि गोलात आकडे टाकायचे. मग "तो टोपीवाला", "त्याच्या मागचा नाही रे, त्याच्या पलीकडचा" असला गोंधळ होत नाही. सांगणाऱ्याला घाई करायची नाही. खात्री नसलेल्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकायचं, आणि नाव कोणी सांगितलं, कधी सांगितलं तेही लिहायचं, कारण उद्या दुसरा कोणी येऊन वेगळंच सांगणार हे ठरलेलं.

आणि घरच्या फोटोंच्या मागे लिहिणार असाल तर कृपा करून बॉलपेन नको. पेनाचा दाब पुढच्या बाजूला उमटतो, आणि शाई वाळली नसेल तर खालच्या फोटोवर बसते, तेही बरोबर कोणाच्या तरी तोंडावर. मऊ पेन्सिल, फोटो पालथा घालून, टणक पाटीवर, कडेला. पूर्ण नाव लिहा. "मी आणि ताई" लिहिलेले इतके फोटो बघितलेत आम्ही.

(पुन्हा पहिली काच. शेजारी नोंदीचा तक्ता.)

तर ही आपली काच, आता नोंदीसह. मधला उभा आणि बसलेल्या दोघी, तिघांची नावं कागदाशी जुळली. टोकाच्या दोघांपुढे प्रश्नचिन्ह, कारण कागदावर पाणी सांडलंय नेमकं तिथेच. आणि मघाशी मी तुम्हाला पडदा धरलेला हात उजव्या कडेला दाखवला होता, तो मॅट बाजूने बघत होतो म्हणून. नोंद करणाऱ्याने बरोबर लिहिलंय.

(पेन्सिलचा आवाज.)

"डाव्या कडेला, पडदा धरलेला हात. नाव माहीत नाही."