वीस पोरं आणि एक व्हर्नियर
(खान्देशातल्या आयटीआयमधल्या तंत्रज्ञानावरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : वर्कशॉपमधलं लोखंडी टेबल. व्हर्नियर कॅलिपरचा क्लोजअप.)

व्हर्नियर कॅलिपरवर दोन पट्ट्या असतात. एक मोठी, जागेवर स्थिर. दुसरी छोटी, तिच्या कडेने सरकणारी. छोट्या पट्टीवरच्या रेघांपैकी नेमकी कोणती रेघ मोठ्या पट्टीवरच्या रेघेशी अगदी सरळ जुळली, ते ओळखायचं आणि माप वाचायचं. मोठ्या पट्टीवर 24 मिलिमीटर पूर्ण झाले आहेत, छोट्या पट्टीवरची सतरावी रेघ जुळली आहे. या व्हर्नियरवर वाचता येणारं सगळ्यात लहान माप 0.02 मिलिमीटर, म्हणून सतरा गुणिले 0.02, म्हणजे 0.34. माप झालं 24.34 मिलिमीटर.

फिटर ट्रेडला प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाला हे पहिल्या वर्षीच यावं लागतं. हे आलं नाही तर पुढचं काहीच बसत नाही. पण रेघा केसासारख्या बारीक, आणि टेबलाभोवती उभी असतात वीसेक पोरं. पुढच्या चौघांना रेघा दिसतात. मागच्यांना पुढच्यांच्या माना दिसतात. निदेशक विचारतात, "समजनं का?" सगळे एका सुरात म्हणतात, "हो सर." त्यातल्या निम्म्यांनी काही पाहिलेलंच नसतं.

(दृश्य : तिपाईला आडवा बांधलेला मोबाइल, खाली व्हर्नियर. भिंतीवर मोठं चित्र.)

या वर्कशॉपमध्ये निदेशकांनी एक साधी गोष्ट केली. स्वतःचा मोबाइल तिपाईला बांधला, कॅमेरा व्हर्नियरच्या बरोबर वर आणला आणि वायरने प्रोजेक्टरला जोडला. आता प्रत्येक रेघ भिंतीवर बोटाएवढी जाड दिसते आहे.

"दखा, कोनती रेघ जुयनी?"

"सतरावी, सर!"

"नही सर, अठरावी!"

वाद सुरू झाला, आणि हा वाद ऐकण्यासारखा आहे. मागच्या रांगेतलं जे पोरगं एरवी तोंड उघडत नाही, ते उठून भिंतीपाशी गेलं आणि बोट ठेवून रेघा मोजू लागलं. निदेशक मध्ये पडत नाहीत. थोड्या वेळाने ते मोबाइल जरासा कलता करतात, आणि आता खरोखरच अठरावी रेघ जुळल्यासारखी दिसते. व्हर्नियर तोच, माप तेच, फक्त बघणारा डोळा तिरपा झाला. माप वाचताना डोळा रेघेच्या थेट वर हवा, हे वाक्य पुस्तकात असतं, फळ्यावरही लिहिलेलं असतं. इथे ते वीस जणांनी एकाच वेळी डोळ्यांनी पाहिलं.

तंत्रज्ञानाने शिकवणं सुधारतं म्हणजे काय, याचं याहून चोख उदाहरण आम्हाला या चित्रीकरणात दुसरं मिळालं नाही. वेगळं सॉफ्टवेअर लागलं नाही, टॅबलेटही वाटावे लागले नाहीत. जे दिसत नव्हतं ते दिसलं, आणि त्यावर पोरं आपापसांत भांडली.

(दृश्य : तापीचं पात्र, केळीच्या बागा, भुसावळ जंक्शन, लांबवर सातपुडा.)

जळगाव, धुळे, नंदुरबार. तापीच्या दोन्ही तीरांवरचा हा खान्देश. रावेर-यावलची केळी, जळगावच्या एमआयडीसीतले पाइप आणि चटयांचे कारखाने, डाळमिल, भुसावळची रेल्वे आणि दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र. तिकडे साक्रीच्या माळावर ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या, आणि महानिर्मितीचा 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प. या सगळ्याला हात लागतात ते फिटरचे, वेल्डरचे, इलेक्ट्रिशियनचे. कारागीर प्रशिक्षण योजना देशात 1950 पासून आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणची आयटीआय ही शेतकऱ्याच्या, शेतमजुराच्या घरातल्या कितीतरी मुलांसाठी नोकरीचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे. दहावी झाली, घरी दोन-तीन एकर कोरडवाहू, पुढे काय? बाप म्हणतो, आयटीआयले टाकी देऊ.

म्हणून इथे शिकवण्यात काय सुधारतं आणि काय बिघडतं, हे फार गंभीरपणे बघायला हवं. इथे एखादा धडा डोक्यावरून गेला तर पोराचा जॉब, म्हणजे हातातला घडवायचा तुकडा, बिघडतो, परीक्षा हुकते आणि कंपनीच्या दारातून परत यावं लागतं.

(दृश्य : वेल्डिंग शॉप. निळसर उजेड, ठिणग्या. काळ्या काचेआडचे चेहरे.)

वेल्डिंगमध्ये ही अडचण आणखी मोठी आहे. आर्ककडे, म्हणजे रॉड आणि पत्रा यांच्यामध्ये पेटणाऱ्या विजेच्या झोताकडे, उघड्या डोळ्यांनी पाहायचंच नसतं. काळी काच डोळ्यांपुढे धरली की आर्क सोडून बाकी सगळा अंधार. निदेशक रॉड चालवताना दाखवतात, पण पाहणाऱ्याला फक्त एक ठिपका सरकताना दिसतो. आणि खरी विद्या तर त्या ठिपक्याच्या मागे असते. वितळलेल्या धातूचं छोटंसं तळं तिथे तयार होतं. ते केवढं पसरतं, कडेच्या पत्र्याला कसं धरतं, स्लॅग, म्हणजे वितळलेला मळ, त्याच्यामागून कसा येतो, रॉड घाईने नेला तर बीड, म्हणजे जोडाची रेघ, कशी बारीक आणि तुटक पडते, रेंगाळला तर पत्र्याला भोक कसं पडतं. आर्कची लांबी साधारण रॉडच्या तारेच्या जाडीएवढी ठेवायची, म्हणजे 3.15 च्या रॉडला जेमतेम तीन मिलिमीटर. तेवढं अंतर राखायचं आणि रॉड तर जळत जळत आखूड होत चाललेला. हे शब्दांत सांगून कुणाच्या हाताला येईल?

इथे कॅमेऱ्याच्या भिंगापुढे तीच काळी काच लावली आहे. चित्र धीम्या गतीने चालतं आहे. तळं दिसतं आहे. थांबवता येतं, मागे नेता येतं, पुन्हा पाहता येतं. मग पोरं रॉड धरायचा होल्डर हातात घेतात. पहिल्या दिवशी कुणाचीच बीड सरळ येत नाही, याही पोरांची आली नाही. पण आपलं काय चुकलं ते ती स्वतः सांगत होती. "सर, मी लवकर ओढला." चूक स्वतःला सापडली की हात आपोआप सावरू लागतो. आणि खर्चाच्या बाजूने पाहिलं तर रॉड आणि पत्रा मोजूनच मिळतो. आंधळेपणी जाळलेला रॉड म्हणजे सरावाची एक संधी गेली.

(दृश्य : अमळनेर. रस्त्यावरून जाणारे विद्यार्थी.)

शिकवणाऱ्याने स्वतःच्या मुलांसाठी स्वतः साधन तयार करायचं, याची खान्देशात जुनी परंपरा आहे. अमळनेरच्या शाळेत शिकवत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचं दैनिक हाताने लिहून काढत. 1928 मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केलं. छापील पुस्तकं तेव्हाही होती. पण आपल्यासमोरच्या मुलांना आज काय हवं आहे, हे त्यांच्यासोबत राहणाऱ्या शिक्षकालाच ठाऊक असतं.

आज सरकारी पातळीवर साहित्य भरपूर आहे, आणि त्यातलं बरंचसं चांगलं आहे. चेन्नईची निमी ही संस्था 1986 पासून आयटीआयची पुस्तकं तयार करते. तिचे व्हिडिओ मराठीसह नऊ भाषांत यूट्यूबवर आहेत. 2019 पासून भारत स्किल्स हे पोर्टल आहे, त्यावर प्रश्नसंच मिळतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे मराठीतून ऐकता येतात. ही शेवटची गोष्ट थोडी थांबून सांगतो, कारण तिच्यामागे शिकण्याची एक पक्की समज आहे. स्क्रीनच्या अर्ध्या भागात धडा चालतो, अर्ध्या भागात सॉफ्टवेअर उघडं असतं. धड्यात एक कृती दाखवली की व्हिडिओ थांबवायचा, तीच कृती स्वतः करायची, जमली की पुढे जायचं. नुसतं बघत बसायची सोयच ठेवलेली नाही. कोपाच्या, म्हणजे संगणक चालवण्याच्या ट्रेडच्या मुलांना हे धडे हमखास उपयोगी पडतात. पॉलिटेक्निकच्या मुलांसाठी संगणकावरच्या आभासी प्रयोगशाळाही आहेत. खऱ्या प्रयोगाआधी तालीम म्हणून त्या चांगल्या.

पण निमीचा व्हिडिओ देशभरासाठी बनवलेला असतो. त्यातलं लेथ मशीन वेगळं, इथलं वेगळं. त्यातलं मराठी पुस्तकी, आणि इथलं पोरगं घरी बोलतं अहिराणी, पावरी, भिली किंवा गुजरी. 2011 च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात सुमारे 70 टक्के लोकसंख्या आदिवासी आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलासाठी मराठी हीच शिकलेली भाषा, त्यावर इंग्रजी शब्दांचा मारा. याच वर्कशॉपमधल्या याच मशीनवर, आपल्याच सरांच्या आवाजात चार मिनिटांची चित्रफीत असेल तर ती पोरं पुन्हा पुन्हा पाहतात. आम्ही पाहिलेल्या एका चित्रफितीत सर मराठीत सांगतात आणि शेवटी दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी तेच पावरीतून सांगतो. शिकलेलं दुसऱ्याला सांगताना त्याचंही पक्कं झालं असणार.

(दृश्य : सातपुड्यातला घाटरस्ता. संध्याकाळ. गच्च भरलेली एसटी.)

आता जी गोष्ट बोलायला जड जाते, ती बोलू या.

देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पण कोरोनाच्या काळात शिक्षण मोबाइलवर गेलं, तेव्हा याच जिल्ह्यातल्या पाड्यांवर रेंज शोधायला टेकडीवर चढावं लागत होतं. सपाटीवर रेंज आहे, तरी घरात मोबाइल एकच. तो बापाकडे किंवा मोठ्या भावाकडे, आणि भाऊ पाणी भरायला शेतात. रात्री वीज येते तेव्हा पाणी धरायचं, म्हणजे मोबाइल रात्रीही घरी नाही. मुलीच्या हातात तर तो सगळ्यात शेवटी पडतो, आणि पडला तरी "काय पाहतेस?" हा प्रश्न सोबत येतो. वर्गात शिकवायचं थांबवून "व्हिडिओ ग्रुपवर टाकला आहे, घरी बघा" असं म्हटलं, की मोबाइल असलेले पुढे जातात आणि नसलेले दुप्पट मागे पडतात.

याला उत्तर आहे, आणि ते महाग नाही. चित्रफिती संस्थेतल्याच एका संगणकावर साठवायच्या आणि तिथल्या तिथे वायफायवर पाहता येतील असं करायचं. इंटरनेटची गरजच नाही. ज्यांना हव्या त्यांना पेनड्राइव्हवर किंवा मेमरी कार्डवर द्यायच्या. संगणक कक्ष प्रॅक्टिकल संपल्यावर शेवटच्या एसटीच्या वेळेपर्यंत उघडा ठेवायचा. एका संस्थेत हे चालू आहे. साडेचारला कक्षात शिरलेल्या मुली सहाच्या गाडीपर्यंत तिथे बसतात. इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या दोघी एकाच हेडफोनची एकेक बाजू कानाला लावून स्टार-डेल्टा स्टार्टरची, म्हणजे मोटर दोन टप्प्यांत सुरू करणाऱ्या साधनाची, जोडणी पाहत होत्या. वहीत काढलेली आकृती खोडली, पुन्हा काढली. मोटर सुरू होताना आधी स्टारमध्ये का घ्यायची, असं आम्ही विचारलं. उत्तर आलं, "सुरुवातीला मोटर करंट खूप ओढते, तो कमी करायला."

याच कक्षाचा आणखी एक उपयोग आहे. थेअरीची परीक्षा आता संगणकावर होते. प्रश्न बहुपर्यायी, उत्तर माऊसने निवडायचं. विषय येणारं पोरगं माऊस हाताला नसल्यामुळे मागे पडावं, ही गोष्ट सहन होण्यासारखी नाही. परीक्षेच्या आठवडाभर आधी सराव घेऊन भागत नाही. पहिल्या महिन्यापासून दर आठवड्याला दहा-पंधरा प्रश्न संगणकावर सोडवून घेतले, तर परीक्षेच्या दिवशी हात थरथरत नाही. आणि कोणता प्रश्न वर्गातल्या बहुतेकांचा चुकला, हे निदेशकांना त्याच संध्याकाळी कळतं. दुसऱ्या दिवशी तोच भाग पुन्हा शिकवता येतो. वर्षाअखेरच्या निकालातून हे कळलं, तर त्या तुकडीला त्याचा काय उपयोग?

(दृश्य : स्टाफरूम. कागद, मार्किंगचं साहित्य, एक जुना लॅपटॉप.)

ब्रिटनमध्ये आपल्या आयटीआय-पॉलिटेक्निकच्या जवळ जाणारी फर्दर एज्युकेशन कॉलेजं आहेत. तिथे 2014 च्या सुमारास फेलटॅग नावाच्या कृतिगटाने शिफारस केली, की सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमाचा निदान दहा टक्के भाग ऑनलाइन असावा आणि पुढे तो वाढत जावा. हेतू चांगला होता. पण टक्के ठरवले की माणसं टक्के भरायला लागतात, आणि हा मोह आपल्याकडेही आहे. किती स्मार्ट बोर्ड बसवले, किती व्हिडिओ चढवले, याचे तक्ते तयार होतात. मागच्या रांगेतल्या किती पोरांना व्हर्नियर वाचता आलं, याचा रकाना त्या तक्त्यात नसतो. तो रकाना असावा, असं आमचं ठाम मत आहे.

आणि शेवटी निदेशकांविषयी. वीस वर्षांपूर्वी शिकून नोकरीला लागलेल्या इलेक्ट्रिशियन निदेशकाने सौर पॅनेलचा इन्व्हर्टर तेव्हा पाहिलाही नव्हता. आज साक्रीकडे त्याच्या विद्यार्थ्याला त्याच इन्व्हर्टरवर काम करायचं आहे. शिकवणाऱ्यालाच नवं शिकायला वेळ हवा. या माहितीपटात तुम्ही जे पाहिलं, ती तिपाई, ती काळी काच, त्या चार-चार मिनिटांच्या चित्रफिती, हे सगळं निदेशकांनी स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या डेटावर, रविवारी किंवा रात्री घरी बसून केलं. दोन तुकड्या, प्रॅक्टिकल, प्रवेश, हजेरीचं पोर्टल, परीक्षेचं पोर्टल, एवढं सांभाळून. हे कौतुकाचं आहेच, पण कौतुकावर भागवू नये. चित्रफीत तयार करण्याचे तास निदेशकाच्या कामाच्या तासांत धरावेत. प्रत्येक आयटीआयला एक बऱ्यापैकी कॅमेरा, एक माइक आणि साठवणीचा एक संगणक द्यावा. एका संस्थेत तयार झालेली चित्रफीत तिन्ही जिल्ह्यांतल्या संस्थांना मिळेल, अशी सोय व्हावी, म्हणजे शहाद्याच्या सरांनी वेल्डिंगचं जे केलं ते चाळीसगावच्या सरांना पुन्हा करावं लागणार नाही. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडच्या संस्थांपासून सुरुवात करावी, कारण तिथे रेंजची वाट पाहण्यात आणखी एक तुकडी निघून जाईल.