अठ्ठ्यांची जोडी: बेट की चेक?

तीन पत्ती खेळत वाढलेल्या माणसाला होल्डेम हा पोकरचा प्रकार शिकवताना एका जागी हमखास अडतं. तीन पत्तीत वाटलेली तीन पानं शेवटपर्यंत तीच राहतात. जोडी आली की आली. ती वरचढ आहे की नाही, हे वाटपातच ठरून गेलेलं असतं. शिवाय तिथं चेक, म्हणजे बेट (पैसे) न लावता डावात राहणं, ही सोयच नाही. चाल द्या, नाहीतर पॅक करा. होल्डेममध्ये हातात दोन पानं असतात आणि टेबलावर सगळ्यांसाठी एकूण पाच उघडतात: आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी एक (रिव्हर), आणि आत्ता पुढे असलेला हात पुढच्याच पानाला मागे पडू शकतो.

माझा गोव्यातला एक डाव सांगतो. हातात दोन अठ्ठ्या, समोर एकच खेळाडू. फ्लॉपला सत्ती, पंजी, दुर्री: बदाम, किलवर, इस्पिक. हिशेबाला सोपं जावं म्हणून पॉट, म्हणजे मधे जमलेले पैसे, 100 धरू. मी चेक केलं, त्यानंही केलं. टर्नला चौकटचा राजा उघडला, त्यानं 60 लावले आणि मी पानं टाकली. त्याच्याकडे राजा होता का, मला कधीच कळलं नाही. पण चूक टर्नला झाली नव्हती, ती आधीच झाली होती. 'मी पुढे आहे ना, मग घाई कशाला?' एवढाच विचार मी केला होता.

आता मोजू या. मला दिसत होती पाच पानं, न दिसणारी 47. त्यांत अठ्ठीहून मोठी 24. म्हणजे पुढचंच पान मोठं येण्याची शक्यता 51 टक्के, आणि रिव्हरपर्यंत एखादं तरी येण्याची जवळपास 77. समजा त्याच्याकडे राजा-राणी होते. त्याच्या कामाची पानं सहा, आणि दोन पानांत त्यातलं एखादं लागण्याची शक्यता साधारण 25 टक्के. पॉटचा पाव हिस्सा त्याचा होता, आणि मी चेक करून तो त्याच्याकडे फुकट राहू दिला. 30 लावले असते तर अशी पानं पुष्कळदा तिथंच पडली असती. सत्तीची जोडी असती तर त्यानं कॉल केला असता, म्हणजे तेवढेच पैसे लावले असते, तेही मला हवंच होतं. उलटून रेझ आला असता, म्हणजे त्यानं रक्कम वाढवली असती, तर 30 सोडून बाजूला व्हायचं.

पण याच दोन अठ्ठ्या घ्या आणि फ्लॉपला एक्का, राजा, पंजी ठेवा. आता बेट लावली तर एक्का-राजावाला जाणार नाही. जाईल तो छक्क्यांची जोडीवाला, आणि त्याच्या कामाची पानं फक्त दोन. ज्याला घालवायला हवं तो हलत नाही, ज्याच्यापासून फारसा धोका नाही तोच उठतो. इथं मी चेक करतो. हातात एक्क्यांची जोडी आणि फ्लॉपला राजा, सत्ती, दुर्री असेल, तर चेक करायचं कारण वेगळं: लहान जोडीवाल्याला पुढच्या पानाला मदत मिळण्याची शक्यता 4 टक्क्यांच्या आसपास, तेव्हा त्याला एक पान बघू दिलं तरी चालतं. समोर तिघं-चौघं असतील तर मात्र सगळेच आकडे बदलतात, हात आखडता घ्यावा लागतो.

रिव्हर उघडल्यावर राखण्यासारखं काही उरत नाही. सत्ती, पंजी, दुर्री, मग तिर्री आणि राणी अशी पानं पडली, तर अठ्ठ्या घेऊन मी स्वतःला एकच विचारतो: माझ्याहून हलक्या कुठल्या पानांवर हा कॉल करेल? चटकन उत्तर सुचलं नाही, तर मी चेक करून पानं दाखवायची वाट बघतो.